भाग कोणी घ्यावा आणि का घ्यावा?

परभणीहून गंगाखेडकडे जाताना पोखर्णी हे गाव लागते. श्रीनृसिंहाच्या देवस्थानामुळे 'पोखर्णी नृसिंह' या नावानेच ते पंचक्रोशीत अधिक ओळखले जाते. भोवतालची जमीन काळी व ओल धरून ठेवणारी आहे. खरिपात सोयाबीन, कापूस व तूर, आणि रब्बीत ज्वारी व हरभरा हा या टापूतील नित्याचा पीकक्रम होय. अशा देवस्थानच्या गावी उत्सवाची वर्गणी मागावयास निघालेल्या मंडळींना फारसे बोलावे लागत नाही. दारात चार माणसे दिसली की घरधनी आत जातो आणि ऐपतीप्रमाणे रक्कम आणून हातावर ठेवतो. परंतु त्याच दारी शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीचा अथवा सहकारी संस्थेचा भाग घ्या असे सांगावयास कोणी गेले, तर "पुढे पाहू", "सुगी होऊ द्या", "बाकीचे घेतात का ते आधी बघा" अशी उत्तरे मिळतात. हा अनुभव केवळ एका गावचा नाही. विस्तार कार्य करणाऱ्या प्रत्येकास तो कधी ना कधी येतोच.

यावरून शेतकरी कंजूष आहे किंवा त्यास संघटनेचे महत्त्व कळत नाही असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु तो चुकीचा ठरेल. उत्सवाच्या वर्गणीचे काय होते हे देणाऱ्यास डोळ्यांनी दिसते. पंगत उठते, मांडव पडतो, दिवाबत्ती होते. देणाऱ्यांची नावे वाचली जातात आणि शिल्लक किती राहिली हेही चारचौघांत सांगितले जाते. शिवाय वर्गणी मागणारा माणूस गावातलाच असतो. हिशेब चुकला तर त्यास त्याच गावात राहावयाचे असते. भागाच्या रकमेचे असे काही दिसत नाही. ती एका कागदावर लिहिली जाते आणि पुढे तिचे काय झाले हे बहुतेकांस कळतच नाही. तेव्हा शेतकरी पैसा का देत नाही, असे विचारण्यापूर्वी आपण त्याच्यापुढे काय ठेवतो, हे मागणाऱ्याने आधी पाहिले पाहिजे.

'भाग' हा शब्द ऐकताच मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या मनात जी अढी उत्पन्न होते तिला इतिहासही आहे. गावच्या विविध कार्यकारी सेवा संस्थेकडून पीककर्ज घेताना कर्जाच्या प्रमाणात भागाची रक्कम कापून घेण्याची पद्धत अनेक वर्षे चालत आली. नियमाच्या दृष्टीने ती योग्यच होती, कारण कर्ज घेणाऱ्याने संस्थेच्या भांडवलात वाटा उचलावा हा तिचा हेतू होता. परंतु कर्जदाराच्या दृष्टीने भाग म्हणजे हातात कमी पडलेली रक्कम. त्याने तो भाग विकत घेतला नाही. तो त्याच्याकडून कापला गेला. अशा रीतीने मालक झालेल्या माणसास मालकीची जाणीव कोठून होणार?

याच्या जोडीला दुसरे एक कारण घडले. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीने १९५४ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. १९५१-५२ साली शेतकऱ्यांनी घेतलेल्या एकंदर कर्जापैकी सहकारी संस्थांकडून मिळालेला वाटा अवघा ३.१ टक्के होता, असे त्या पाहणीत आढळून आले. यावर उपाय म्हणून शासनाने सहकारी संस्थांच्या भागभांडवलात सहभागी व्हावे अशी शिफारस समितीने केली आणि ती अमलातही आली. त्यामुळे संस्थांना बळ मिळाले यात शंका नाही. परंतु संस्था सरकारची आहे, सरकारच ती चालवील आणि बुडाली तरी सरकारचेच बुडेल, अशी समजूतही तिच्याबरोबर खेडोपाडी पसरली. आपला पैसा थोडा आणि परका पैसा फार, अशी स्थिती जेथे असते तेथे सभासद वार्षिक सभेस क्वचितच येतो.

ज्या ठिकाणी शेतकऱ्याने आपण होऊन भाग घेतले त्या ठिकाणची गोष्ट निराळी आहे. अहमदनगर जिल्ह्यात (आताचा अहिल्यानगर) लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने प्रवरा सहकारी साखर कारखाना उभारला आणि १९५० साली तो सुरू झाला. त्यासाठी प्रवरा काठच्या शेतकऱ्यांकडून भाग गोळा करावे लागले. उसाला स्वतःचा कारखाना असला तर काय होईल, हे त्या शेतकऱ्यास समजावून सांगण्यासाठी मोठ्या तात्त्विक चर्चेची गरज नव्हती. ऊस शेतात उभा होता आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या हाती होती. पैसा ज्या वस्तूसाठी मागितला जात होता ती प्रत्येकाच्या अनुभवातली होती. पोखर्णीच्या टापूत ऊस हे मुख्य पीक नाही, म्हणून त्या कारखान्याचा कित्ता जसाच्या तसा येथे गिरवता येणार नाही. मात्र शेतकऱ्याची नेमकी कोणती अडचण दूर होणार हे सांगितल्याशिवाय भाग मागू नये, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

परदेशातील एक उदाहरण सहकाराच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते, तरी त्यातील एक बारकावा बहुधा सांगावयाचा राहून जातो. इंग्लंडमधील रॉचडेल येथे १८४४ साली २८ जणांनी, ज्यांत विणकर बरेच होते, एक दुकान काढले. प्रत्येकी एक पौंड याप्रमाणे २८ पौंडांचे भांडवल त्यांनी जमविले. हा एक पौंड त्यांनी एकरकमी दिला नव्हता. दर आठवड्यास दोन-तीन पेन्स देऊन तो पुरा केला. दुकानात प्रारंभी लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल होता. नफा झाला तो भांडवलाच्या प्रमाणात नव्हे, तर प्रत्येक सभासदाने जेवढी खरेदी केली तिच्या प्रमाणात वाटण्यात आला. गरीब माणूस सभासद झाला तो हप्त्यांमुळे, आणि सभासद राहिला तो नफा वाटण्याच्या या पद्धतीमुळे.

आज आपल्याकडे शेतकरी उत्पादक कंपनीच्या कायद्यात हेच तत्त्व आले आहे. २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन उत्पादक कंपनीची तरतूद करण्यात आली आणि २०२० च्या दुरुस्तीने ती २०१३ च्या कंपनी कायद्यात समाविष्ट झाली. किमान १० उत्पादक एकत्र येऊन अशी कंपनी स्थापन करू शकतात. व्यक्तिगत सभासदांची कंपनी असेल तर एकाने एक भाग घेतला काय किंवा शंभर घेतले काय, मत एकच. सभासदाने कंपनीकडे जेवढा माल दिला वा तिच्यामार्फत जेवढा व्यवहार केला त्या मानाने त्यास वर्षअखेर बोनस देता येतो. भागाची खरेदी-विक्री बाजारात होत नाही, त्यामुळे बाहेरचा धनिक सगळे भाग विकत घेऊन कंपनी ताब्यात घेऊ शकत नाही. आणखी एक गोष्ट गावोगाव मुद्दाम सांगितली पाहिजे. कायद्याप्रमाणे 'उत्पादक' होण्यास सातबाऱ्यावर नाव असणे ही अट नाही. शेतमालाच्या उत्पादनाशी संबंधित काम करणारी कोणतीही व्यक्ती उत्पादक होय. म्हणजे बटाईने जमीन कसणारा, तसेच आपल्या नावे जमीन नसलेली परंतु वर्षभर शेतात राबणारी स्त्रीही सभासद होऊ शकते. अनेक ठिकाणी केवळ सवयीने सातबारा मागितला जातो आणि ही माणसे दाराबाहेरच राहतात.

केंद्र शासनाने २०२० साली १०,००० शेतकरी उत्पादक संघटना स्थापन करण्याची योजना हाती घेतली. सपाट प्रदेशात किमान ३०० सभासद असावेत अशी तीत अट होती. सभासदाने जेवढे भागभांडवल दिले तेवढेच अनुदान, मात्र प्रत्येक सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत आणि प्रत्येक संघटनेस १५ लाख रुपयांपर्यंत, देण्याची तरतूद तीत करण्यात आली. या तरतुदीचा अर्थ असा की शेतकऱ्याने आधी स्वतःचा रुपया काढावा, मग शासन त्याच्या शेजारी आपला रुपया ठेवील. १९५४ नंतरच्या अनुभवातून निघालेला हा शहाणपणा आहे असे म्हणावयास हरकत नाही. तथापि केवळ अनुदान मिळते म्हणून भाग घ्या असे सांगत फिरणे घातक होय. अनुदानाच्या आशेने आलेला सभासद अनुदान जमा झाल्यावर पुन्हा दिसत नाही, आणि ते न मिळाल्यास कंपनीस शिव्या देत राहतो.

काय फुकट द्यावे, कशास पैसे घ्यावेत

कंपनी किंवा गट सुरू होतो तेव्हा प्रथम सर्वांस सर्व गोष्टी फुकट मिळतात. कीड-रोगाची सूचना, बाजारभाव, बियाण्याची माहिती, कोणाकडे गाडी रिकामी आहे याची खबर हे सर्व भाग घेतलेल्यासही मिळते आणि न घेतलेल्यासही मिळते. काही काळाने खर्च वाढतो. चिटणीसास मानधन द्यावे लागते, चाळणी यंत्राचे वीजबिल येते. मग संचालक मंडळात कोणीतरी म्हणतो, "जो भाग घेणार नाही त्याला काहीच सांगू नका." राग समजण्यासारखा असला तरी सल्ला बरोबर नाही.

कापसावरील गुलाबी बोंडअळीचेच उदाहरण घ्यावे. २०१७ साली या अळीने महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांचे केवढे नुकसान केले हे या भागातील शेतकऱ्यांस निराळे सांगावयास नको. तिच्या बंदोबस्तासाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत आणि सापळ्यात सलग ३ रात्री सरासरी ८ पतंग आढळले की उपाय योजावेत अशी शिफारस आहे. फरदड घेऊ नये, डिसेंबरअखेर पीक मोडून पऱ्हाट्या शेताबाहेर काढाव्यात, हेही सांगितले जाते. आता एका सभासदाने सापळे लावले, वेळेवर फवारणी केली आणि पऱ्हाट्या मोडल्या. परंतु बांधापलीकडील बिगर सभासदास सूचनाच मिळाली नाही आणि त्याने फेब्रुवारीपर्यंत फरदड उभी ठेवली, तर काय होईल? त्या शेतातील पतंग भाग घेतला आहे की नाही हे विचारून उडत नाहीत. बिगर सभासदापासून सूचना लपविण्याने नुकसान सभासदाचेच होते. म्हणून जी माहिती सर्वांनी पाळली तरच उपयोगाची, ती सर्वांस द्यावी, आणि गावच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावी. त्याचप्रमाणे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा पीकसल्ला किंवा हवामानविषयक सूचना या सार्वजनिक आहेत. जे विद्यापीठ विनामूल्य देते त्यावर कंपनीने किंमत लावणे शोभणारे नाही, आणि ते लपूनही राहत नाही.

याउलट ज्या सेवेस प्रत्येक खेपेस खर्च येतो आणि जिचा लाभ ज्याला मिळाला त्याच्यापुरताच राहतो, ती सभासदास सवलतीने व इतरांस पूर्ण दराने द्यावी. सोयाबीनची चाळणी व प्रतवारी, तारणासाठी गोदामातील जागा, एकत्रित खरेदीतील बियाणे व खते, मालाची वाहतूक या गोष्टी या प्रकारात मोडतात. सोयाबीनचे बियाणे हे तर या टापूत उत्तम साधन आहे. हे स्वपरागसिंचित पीक असल्याने एकदा घेतलेले सुधारित वाणाचे बियाणे पुढील दोन-तीन वर्षे राखून वापरता येते. मात्र त्याचे टरफल पातळ असते. मळणीत ठेचले गेले वा पोत्यांची थप्पी उंच रचली तर उगवण घटते. म्हणून कंपनीने सभासदांचे बियाणे काळजीपूर्वक मळून, चाळून, थप्पी बेताची ठेवून साठविले आणि मे महिन्यात १०० दाणे मोजून उगवण तपासून दिली, तर त्या सेवेचे मोल प्रत्येकास कळते. उगवण ७० टक्क्यांहून कमी आल्यास त्याप्रमाणे बियाण्याचे प्रमाण वाढवावयास सांगता येते. दुबार पेरणीचा फटका ज्याने एकदा सोसला आहे त्यास यावर व्याख्यान देण्याची गरज नाही.

आता हिशेब. पुढील आकडे केवळ रीत कळावी म्हणून घेतले आहेत. समजा, भागाची रक्कम १,००० रुपये आणि वार्षिक वर्गणी २०० रुपये आहे. सोयाबीन चाळण्याचा दर सभासदास क्विंटलला ३० रुपये व इतरांस ५० रुपये आहे. ज्याचे ४० क्विंटल सोयाबीन आहे त्याचे या एका कामातच ८०० रुपये वाचतात. वर्गणी वजा जाता ६०० रुपये राहिले. त्यास कोणी आग्रह करण्याची गरज नाही, तो स्वतःच चालत येईल. परंतु ज्याचे ५ क्विंटलच सोयाबीन आहे त्याची बचत १०० रुपये आणि वर्गणी २०० रुपये! हा माणूस "मला परवडत नाही" असे म्हणतो तेव्हा तो अडाणीपणाने नव्हे, तर बरोबर हिशेब करून बोलत असतो. आणि अशीच माणसे गावात अधिक असतात. त्यांच्याकडून ठरावीक वर्गणी घेण्याऐवजी क्विंटलमागे काही रक्कम घ्यावी, किंवा वर्गणीच रद्द करून मालाच्या बिलातून शेकडा काही कपात ठेवावी. भागाची रक्कमही रॉचडेलच्या विणकरांप्रमाणे हप्त्याने घ्यावी. मोठ्या शेतकऱ्यांपुरती कंपनी पाच-पन्नास सभासदांवर थांबते. तिच्या गाडीत पुरेसा माल भरत नाही आणि व्यापाऱ्यापुढे तिचा आवाजही चढत नाही.

प्रवेश फी, भाग आणि वर्गणी या तीन शब्दांत बहुतेक ठिकाणी घोटाळा होतो. प्रवेश फी एकदाच द्यावयाची असते आणि परत मिळत नाही. वर्गणी दरवर्षीच्या खर्चासाठी असते आणि खर्च होऊन जाते. भाग मात्र खर्च नव्हे. तो सभासदाच्या नावावर राहतो, सभासदाच्या पश्चात नामनिर्देशन केलेल्या वारसास मिळतो आणि संचालक मंडळाच्या मान्यतेने दुसऱ्या उत्पादकाच्या नावे करता येतो. परंतु तो बँकेतील ठेवीसारखा सुरक्षित आहे असेही सांगू नये. धंद्यात खोट आली तर भागाची रक्कम जाऊ शकते. मात्र जबाबदारी भागाच्या रकमेपुरतीच मर्यादित असल्याने सभासदाच्या जमिनीस वा घरादारास त्याची झळ लागत नाही. ही धोक्याची बाजू मागणाऱ्याने स्वतःच सांगितली तर काही माणसे त्या दिवशी भाग घेणार नाहीत हे खरे. पण जी घेतील ती पुढे टिकतील. पहिल्याच वर्षी लाभांश देऊ असे वचन तर कोणीही कोणाला देऊ नये.

मागावयास कोणी जावे हाही महत्त्वाचा प्रश्न आहे. कृषी सहायक किंवा संस्थेचा नोकर एकटा गेल्यास ती सरकारी योजनाच वाटते. ज्याने मागील हंगामात कंपनीमार्फत सोयाबीन विकले आहे असा त्याच आळीतील शेतकरी बरोबर असावा आणि त्याने आपली काटापट्टी सोबत न्यावी. किती पोती होती, ओलावा किती निघाला, घट किती धरली आणि भाव काय पडला हे त्या एका कागदावर असते. तासभराच्या भाषणाने जे होत नाही ते या कागदाने होते. संचालकांनी स्वतः भाग घेतलेला असावा, हे सांगावयाचीही गरज पडू नये, परंतु पडते.

वेळेचेही भान ठेवावे. जून महिन्यात पेरणीच्या तोंडावर, बी-बियाण्यासाठी उसनवार चालू असताना, भाग मागणे म्हणजे नकार मागणेच होय. सोयाबीन ऑक्टोबर-नोव्हेंबरात विकले जाते; परंतु त्याच सुमारास हरभऱ्याची पेरणी असते आणि दिवाळीचा खर्चही असतो. म्हणून पहिला हप्ता सोयाबीनच्या पट्टीतून लहान घ्यावा आणि उरलेली रक्कम कापसाच्या दुसऱ्या वेचणीनंतर घ्यावी. कपात करावयाची झाली तर शेतकऱ्याची सही घेऊनच करावी. आधी कापून मग कळविण्याची जुनी रीत पुन्हा आणली तर वर वर्णन केलेली अढी आणखी घट्ट होईल.

ज्यांनी भाग घेतला नाही त्यांच्याशी वागणूक कशी असावी? त्यांचाही माल चाळून द्यावा, पूर्ण दर घ्यावा आणि पावतीवर सभासदाचा दर काय आहे तोही छापावा. तीन पावत्या हातात आल्यावर बेरीज तो घरी बसून करतो. त्याचे नाव घेऊन चारचौघांत टोमणा मारल्यास मात्र तो बेरीज करावयाचे सोडून शेजारच्या आडत्याकडे जातो.

सभासद मिळविण्याहून तो टिकविणे कठीण असते, आणि तेथेच बहुसंख्य संस्था हार खातात. मार्चअखेर वर्ष संपते आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. बहुतेक कंपन्या ती शेवटच्या आठवड्यात, सोयाबीन काढणीच्या धांदलीत, पाच-पंचवीस सह्या घेऊन उरकतात. त्याऐवजी पिकांची दुसरी कोळपणी आटोपल्यावर श्रावणात एखाद्या संध्याकाळी ती पारावर किंवा देवळाच्या सभामंडपात घ्यावी. सूचना आठ-पंधरा दिवस आधी नव्हे, तर कायद्यात सांगितल्याप्रमाणे किमान १४ दिवस आधी प्रत्येकास लेखी द्यावी. सभेत जमाखर्च मोठ्याने वाचावा : चाळणीतून काय मिळाले, विजेस काय गेले, चिटणिसास काय दिले, कोणाकडे किती येणे आहे. येणे असलेल्यांत एखादा संचालक असेल तर त्याचेही नाव वाचावे. नंतर तो कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चिकटवावा आणि पाऊस लागणार नाही अशा जागी चिकटवावा, म्हणजे सभेस न आलेल्या व भाग न घेतलेल्या माणसासही तो वाचता येईल.